एकोणीस परार्ध

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दहाच्या पटीत वाढत जाणाऱ्या संख्यांची नावं दिली आहेत. एक, दश, शत अशी सुरुवात होते, अब्ज, खर्व, निखर्व मागे पडतात आणि यादी परार्धाशी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. गांजाची नशा ज्या रसायनामुळे चढते त्या टीएचसीचा एक मिलिग्रॅम घेतला, तर त्यात साधारण एकोणीस परार्ध रेणू असतात. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या गणितज्ञाला जिथे थांबावंसं वाटलं, त्याच्या एकोणीसपट माल एका मिलिग्रॅमात बसतो, आणि तो जेमतेम साखरेच्या एका दाण्याएवढा असतो.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. एक मिलिग्रॅम टीएचसी त्यांच्यात सारखं वाटलं, तर एकेका पेशीच्या वाट्याला सव्वादोन कोटी रेणू येतात. प्रत्यक्षात वाटणी अशी होत नाही. तोंडावाटे घेतलेला बराचसा भाग यकृतातच अडतो, उरलेला शरीरभर पसरून चरबीत मुरतो. तेव्हा हिशेब कंजुषीने करू. खाण्याच्या पदार्थांतून नशेसाठी घेतली जाणारी नेहमीची मात्रा दहा मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्यातला शंभरावा हिस्साच मेंदूत पोचला असं धरलं, तरी दर पेशीमागे बावीस लाख रेणू होतात. एवढ्या गर्दीत माणूस हसत सुटेल, गुपचूप बसेल, की छाती धडधडतेय म्हणून इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जाईल, हे बरंचसं मात्रेवर ठरतं. आपल्याकडे मात्र गांजा, भांग आणि आता बाटलीतून येणारं त्याच झाडातलं सीबीडी यांच्याबद्दल 'हे चांगलं की वाईट' एवढंच विचारतात. 'किती' असं सहसा कोणी विचारत नाही.

मेंदूला हे रेणू ओळखीचे का वाटतात, याचं उत्तर मिळायला १९८८ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी मेंदूच्या पेशींवर या रेणूंसाठीची खास ग्राहकस्थानं शोधली. आज त्यांना सीबी-१ म्हणतात. त्यांच्या जातकुळीतली मेंदूत सर्वाधिक आढळणारी जी ग्राहकस्थानं आहेत, त्यांत ती मोडतात. निसर्गाने गांजेकसांच्या सोयीसाठी तर ही व्यवस्था केलेली नसणार. म्हणजे शरीर स्वतःच असं काहीतरी बनवत असलं पाहिजे. डिव्हेन पुढे इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम यांच्याकडे गेले. तिथे कित्येक किलो डुकरांचे मेंदू गाळून, धुऊन, वेगळे करून १९९२ साली हाती जे आलं ते एक मिलिग्रॅमही भरलं नाही. त्याचं नाव त्यांनी आनंद या संस्कृत शब्दावरून आनंदामाइड ठेवलं.

हे आनंदामाइड उलट्या दिशेने काम करतं. दोन चेतापेशींमधली फट सुमारे वीस नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग. एरवी निरोप पुढच्या दिशेनेच जातो. आनंदामाइड आणि त्याच्या कुळातले रेणू मात्र निरोप मिळालेल्या पेशीकडून निघतात, फट मागे ओलांडतात आणि पाठवणाऱ्या पेशीला सांगतात, 'पुरे, आवाज कमी कर.' हा उलटा प्रवास २००१ साली एकाच वेळी तीन प्रयोगशाळांनी दाखवून दिला. शरीर हे रेणू साठवून ठेवत नाही. गरज पडली की पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांतून बनवतं आणि काम होताच एका विकराकडून मोडून टाकतं. गांजाचं टीएचसी सीबी-१च्या याच कुलपांत शिरतं, पण असं झटपट मोडलं जात नाही. शिवाय जिथे एका ठिकाणचा आवाज कमी करायचा होता, तिथे सगळ्या घरभर पसरतं.

या कुलपांचा मनःस्थितीशी थेट संबंध आहे, याचा सर्वांत खणखणीत पुरावा गांजातून आलाच नाही. तो आला वजन कमी करणाऱ्या गोळीतून. रिमोनाबँट हे औषध सीबी-१ची स्थानं बंद करतं. गांजाने भूक लागते, मग ती कुलपं बंद केली तर भूक मरेल, असा साधा तर्क. २००६ साली युरोपने त्याला परवानगी दिली. वजनं उतरलीही, पण खाणाऱ्यांना नैराश्य येऊ लागलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८च्या ऑक्टोबरमध्ये युरोपात विक्री थांबली, पुढच्या वर्षी भारतातही बंदी आली. उलट टोकाला २०१९ साली शोधनिबंधातून समोर आलेली स्कॉटलंडमधली साठी ओलांडलेली एक बाई आहे. जनुकातल्या एका दुर्मीळ बदलामुळे तिच्या शरीरात आनंदामाइड मोडण्याचं काम मंद चालतं. चिंता मोजायच्या २१ गुणांच्या प्रश्नावलीत तिला शून्य गुण मिळाले, नैराश्याच्या २७ गुणांच्या प्रश्नावलीतही शून्य. चटका बसला तरी तिला कळत नाही, मांस जळल्याचा वास आला की कळतं. हा सौदा कोणाला हवासा वाटेल का, शंकाच आहे.

आता जुळ्या भावंडांकडे वळू. टीएचसी आणि सीबीडी दोघांतही कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू आहेत. एकूण ५३. वजन तेच, अणू तेच. फरक एवढाच की टीएचसीत एक कडं मिटलेलं असतं आणि सीबीडीत तेच उघडं राहतं. त्या एका उघड्या कड्यामुळे सीबीडी सीबी-१च्या कुलपात नीट बसत नाही, म्हणून नशाही येत नाही. ते सेरोटोनिनच्या एका ग्राहकस्थानाशी आणि तिखट-उष्णता ओळखणाऱ्या आणखी एका स्थानाशी खटपट करतं, आनंदामाइड मोडण्याचा वेगही बहुधा मंद करतं. सीबीडीची रचना मेशूलम यांच्या गटाने १९६३ साली उलगडली, टीएचसी १९६४ साली वेगळं काढलं. त्यासाठी त्यांनी पोलिसांकडून पाच किलो लेबनानी चरस मागून आणला, तोही चक्क बसमधून. आपल्याकडे आज चरसाची 'व्यापारी मात्रा' एक किलोपासून सुरू होते. त्या प्राध्यापकांना इथे किमान दहा वर्षं आत बसावं लागलं असतं.

मात्रेच्या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटतो तो शिकागोमधला २०१७ सालचा प्रयोग. ४२ निरोगी स्वयंसेवकांना अनोळखी लोकांपुढे बोलायला लावून आणि तोंडी गणितं घालून ताण दिला. काहींना त्याआधी साडेसात मिलिग्रॅम टीएचसी दिलं होतं, काहींना साडेबारा, काहींना नुसतीच दिखाऊ गोळी. साडेसातवाल्यांचा ताण लवकर निवळला. साडेबारावाले बोलण्याआधीपासूनच अस्वस्थ होते आणि शेवटपर्यंत तसेच राहिले. दोन्हींतलं अंतर पाच मिलिग्रॅमचं, साखरेच्या चार-पाच दाण्यांएवढं. होळीला घोटलेल्या भांगेच्या ग्लासात हे दाणे कोण मोजतो? पानात टीएचसीचं प्रमाण एक टक्का धरलं तर ग्रॅमभर पानांत दहा मिलिग्रॅम होतं. पण कच्च्या पानात ते आम्लाच्या रूपात असतं, उष्णतेने त्यातलं काही नशेच्या रूपात बदलतं. किती, ते आचेवर आणि वेळेवर. वर ते तेला-तुपात विरघळणारं, म्हणून दूध-बदामाच्या ठंडाईतून जास्त शोषलं जाणार. एकाच पातेल्यातून दोघांनी घेतलेल्या ग्लासांचा परिणाम वेगळा झाला तर नवल नाही.

'किती' हा प्रश्न सरकारी पातळीवर प्रथम नेटाने विचारला गेला तो सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी. त्यात नागपूरही होतं.

१८९३ साली ब्रिटिश संसदेत ओरड झाली की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजा ओढणाऱ्यांनी भरली आहेत. त्यावर चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सदस्यांत तीन हिंदी गृहस्थ होते, आणि आपल्या मध्य प्रांतात आयुक्त असलेले अँड्र्यू फ्रेझरही. (हेच फ्रेझर पुढे बंगालचे नायब राज्यपाल झाले आणि १९०७ साली त्यांची आगगाडी क्रांतिकारकांनी बाँबने उडवायचा प्रयत्न केला. इतिहासाच्या पुस्तकात ते त्यासाठीच उरले आहेत.) मध्य प्रांताची राजधानी नागपूर. प्रांतातली गांजाची लागवड सरकारने खांडव्याच्या आसपास आवळून ठेवली होती, विक्री परवान्याच्या दुकानांतून आणि कर तिजोरीत. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४चं. आजही शहरात त्या बाजूच्या चौकाला लोक पागलखाना चौकच म्हणतात आणि रिक्षावाल्याला दुसरं नाव सांगितलं तर तो उलट विचारतो.

आयोगाने ऑक्टोबर १८९३ ते एप्रिल १८९४ या सहा महिन्यांत तीस शहरं पालथी घातली, साक्षींसाठी ८६ बैठका घेतल्या आणि १,१९३ जणांचं म्हणणं नोंदवलं. डॉक्टर, तहसीलदार, मिशनरी, दुकानदार, साधू. अहवाल झाला सात खंडांचा, तीन हजारांवर पानांचा. पण माझ्या मते त्याचं खरं मोल काही मोजक्या पानांत आहे, जिथे आयोगाने इस्पितळांच्या नोंदवह्या उघडल्या.

१८९२ या एका वर्षात इस्पितळांत भरती झालेल्या १,३४४ रुग्णांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. त्यांतल्या २२२ जणांपुढे वेडाचं कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिलेलं होतं. सहातला एक. ओरड खरीच वाटावी असा आकडा. मग आयोगाने एकेक नाव घेऊन विचारलं: हे कारण कोणी लिहिलं, कशावरून? तेव्हा कळलं की रस्त्यावर भटकणारा, नाव-गाव न सांगणारा माणूस पोलीस उचलून आणत. सोबतच्या कागदावर 'कारण' असा रकाना असे. रकाना कोरा ठेवणं दफ्तराला मंजूर नव्हतं. माणसाजवळ चिलीम सापडली, किंवा तो गांजा ओढत असेल असं शिपायाला वाटलं, की लिहा गांजा. इस्पितळातला कारकून तेच नोंदवहीत उतरवे, वरिष्ठ तेच वार्षिक तक्त्यात घेत आणि तक्ता लंडनला जाई. छाननीनंतर २२२ पैकी १२४ नावं गळाली. उरली ९८. त्यांतही निव्वळ गांजा-भांगेवर बोट ठेवता येईल अशी ६१, बाकीच्या ३७ जणांत दुसरी कारणंही मिसळलेली. म्हणजे १,३४४ पैकी ६१, साडेचार टक्के. १८९१च्या शिरगणतीत हिंदुस्थानची लोकसंख्या पावणे एकोणतीस कोटींच्या घरात होती, हेही सोबत ठेवावं.

आयोगाचा निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, अतिरेक करणाऱ्याचं बिघडतं, आणि ज्याचं मन आधीच डळमळीत आहे त्याचं अधिक. तो आजच्या मोजमापांशी बऱ्यापैकी जुळतो, फक्त आज मालच पालटला आहे. २०१९ साली युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या मिळून ११ ठिकाणच्या अभ्यासात पहिल्यांदाच तीव्र मनोविकार झालेले ९०१ रुग्ण आणि तुलनेसाठी १,२३७ लोक घेतले. कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत रोज ओढणाऱ्यांत या आजाराची शक्यता तिपटीच्या वर निघाली. ज्यात टीएचसी दहा टक्के किंवा जास्त आहे असा जहाल माल रोज ओढणाऱ्यांत ती जवळपास पाचपट होती. फ्रेझरसाहेबांच्या काळातल्या चिलमीत किती टक्के असे, ते मोजायचं साधनच नव्हतं. टीएचसी शुद्ध रूपात वेगळं निघायला अजून सत्तर वर्षं होती.

भारतात हा माल घेणारे थोडेथोडके नाहीत. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली जाहीर झालेल्या पाहणीनुसार मागच्या वर्षभरात ३ कोटी १० लाख लोकांनी या झाडाचं काहीतरी घेतलं होतं. भांग सुमारे २ कोटी २० लाख, गांजा-चरस १ कोटी ३० लाख. काही जण दोन्हींत आहेत, म्हणून बेरीज जास्त भरते. मदतीची गरज असलेले ७२ लाख.

कायद्याचे आकडे आणखी मजेशीर आहेत. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. फुलोऱ्याविना नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून भांग केंद्राच्या कक्षेबाहेर राहून राज्यांच्या कायद्यांखाली येते. गांजा वीस किलो म्हणजे व्यापारी मात्रा, किमान शिक्षा दहा वर्षं. त्या वीस किलोंत तीन टक्के टीएचसी धरलं तर ६०० ग्रॅम, म्हणजे दहा मिलिग्रॅमच्या साठ हजार मात्रा. त्याच झाडाची वीस किलो पानं, एक टक्का धरून, वीस हजार मात्रा. दुसऱ्या ढिगाला या कायद्याच्या लेखी अस्तित्वच नाही. न्यायालयांत फूल किती आणि पान किती यावर जामिनाचे वाद होतात ते उगाच नाही.

आणि हेम्प? हेम्प म्हणजे तेच झाड, फक्त टीएचसी कमी असलेलं. रेषा आखली आहे ०.३ टक्क्यांवर. ती कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात, वर्गीकरणाच्या सोयीसाठी ओढली आणि ती सोयीचीच आहे असं स्वतःच सांगून ठेवलं. तरी जगभरच्या कायद्यांनी ती उचलली. अमेरिकेने २०१८ साली, उत्तराखंडानेही त्याच सुमारास. ०.३ टक्के ऐकायला किती निरुपद्रवी! पण टक्का कशाचा, ते बघायला हवं. चार ग्रॅमच्या एका जेलीच्या गोळीत ०.३ टक्के म्हणजे बारा मिलिग्रॅम. शिकागोतल्या लोकांची तारांबळ उडाली ती साडेबारात. अमेरिकेत 'हेम्पपासून बनवलेल्या' म्हणून पेट्रोल पंपावर विकल्या गेलेल्या गोळ्यांचं सगळं रहस्य या एका गुणाकारात आहे. वर सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून त्याचं ते उघडं कडं मिटवायचं आणि टीएचसीचं डेल्टा-८ नावाचं भावंड बनवायचं, हा धंदाही फोफावला. नोव्हेंबर २०२५मध्ये तिथल्या संसदेने तयार मालासाठी मर्यादाच वजनात घातली: विक्रीच्या एका डब्यात एकूण टीएचसी ०.४ मिलिग्रॅम, अंमल वर्षभरानंतर. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली हेम्पच्या बिया खायला परवानगी दिली तेव्हा मर्यादा प्रमाणातच घातली, पण फार कडक: किलोभर बियांत ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. हे शहाणपण कौतुकाचं.

आता सीबीडीचं बघू, कारण 'मन शांत करतं' म्हणून सध्या खपतं ते तेच. काहीतरी आहे त्यात, हे मान्य करायला हवं. ब्राझीलमध्ये लोकांना कॅमेऱ्यापुढे भाषण करायला लावून २०१९ साली ५७ पुरुषांवर प्रयोग झाला. १५० मिलिग्रॅमने फरक पडला नाही, ३००ने भीती कमी झाली, ६००ने पुन्हा काही नाही. त्याआधी १००, ३०० आणि ९०० अशी मात्रा देऊन पाहिली, तेव्हाही मधलीच लागू पडली. आणखी आधी, २०११ साली, ज्यांना चारचौघांत बोलायची भीती हा आजारच होता अशा रुग्णांवर ६०० मिलिग्रॅमचा उपयोग झाला होता. वाढवत नेलं तर गुण वाढेल असा इथे नियम नाही. आणि हे सगळे एका भाषणापुरते प्रयोग, मूठभर माणसांवरचे. नैराश्यावर त्याने उतार पडतो असं म्हणायला पक्का आधार आजही नाही. पक्का आधार आहे तो लहान मुलांच्या काही हट्टी अपस्मारांत. ड्राव्हे सिंड्रोमच्या १२० रुग्णांवरच्या चाचणीत सीबीडी घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके १२.४ वरून ५.९ वर आले आणि २०१८ साली अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला वीस मिलिग्रॅमपर्यंत. साठ किलोच्या माणसाला बाराशे.

हे आकडे डोक्यात ठेवून एखादी बाटली हातात घ्या. समजा तीस मिलिलिटर तेल, त्यात ९०० मिलिग्रॅम सीबीडी. मिलिलिटरला वीस थेंब धरले तर बाटलीत ६०० थेंब, थेंबाला दीड मिलिग्रॅम. 'रात्री झोपताना जिभेखाली पाच थेंब' म्हणजे साडेसात मिलिग्रॅम. ब्राझीलच्या तीनशेला पोचायला दोनशे थेंब लागतील, बाटलीचा तिसरा हिस्सा, एका रात्रीत. उपाशीपोटी गिळलं तर त्यातलं जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास रक्तात उतरतं. तुपकट जेवणासोबत शोषण चौपटीपर्यंत वाढतं, म्हणजे लग्नाच्या पंगतीच्या दिवशी आणि एकादशीला हीच बाटली दोन वेगळी औषधं ठरते. त्या पाच थेंबांनी कोणाला शांत झोप लागत असेल तर लागो, माझी तक्रार नाही. पण त्याचं श्रेय सीबीडीला देताना मी दोनदा विचार करीन.

दुसरी अडचण. संपूर्ण झाडाचा अर्क काढला तर सीबीडीसोबत टीएचसीही येतं. तीसास एक हे प्रमाण चांगल्या हेम्पचं मानू. मग सीबीडीचे तीनशे मिलिग्रॅम मिळवायला गेलेला माणूस टीएचसीचे दहा मिलिग्रॅमही पोटात घालतो. नशा न येणारं औषध घेतो आहे असं त्याला वाटतं आणि तास-दोन तासांनी घर हलायला लागतं. लेबलवर विसंबावं तर २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ उत्पादनांची तपासणी झाली. लेबलप्रमाणे सीबीडी निघालं फक्त ३१ टक्क्यांत. ४३ टक्क्यांत लिहिल्यापेक्षा जास्त, २६ टक्क्यांत कमी. १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं.

भारतात हे अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून, विजया या नावाने मिळतात. भांग ही औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, ई-१ अनुसूचीत, धोत्रा आणि गुंजेच्या पंगतीत आहे, म्हणून वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावं असं बाटलीवर छापावं लागतं. त्या देखरेखीत एक प्रश्न नक्की यायला हवा: दुसरी कोणती औषधं चालू आहेत? सीबीडी यकृतातल्या ज्या विकरांना अडवतं, त्यांच्यावरच क्लोबाझामसारखी फिटची गोळी मोडण्याची भिस्त असते. दोन्ही एकत्र घेतली तर क्लोबाझामपासून बनणाऱ्या गुंगी आणणाऱ्या घटकाचं रक्तातलं प्रमाण तिपटीपर्यंत जातं. अपस्मारावरच्या चाचण्यांत मोठ्या मात्रेवर असलेल्या शंभरातल्या बारा-तेरा जणांची यकृताची विकरं सामान्य मर्यादेच्या तिपटीहून वर चढली होती, दिखाऊ औषधावर एखाद्याचीच. त्यात व्हॅल्प्रोएट ही दुसरी फिटची गोळी घेणारे जास्त होते. दोन्ही गोळ्या नागपुरात कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये चिठ्ठीवर मिळतात. पाच थेंबांचं तेल घेणारा त्यांचा उल्लेख वैद्यापाशी करत नाही आणि तेलाचा उल्लेख डॉक्टरपाशी.